विमलने मला सांगितलं नव्हतं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, असं लिहून पुढं जाणार होते. पण 'नव्हता' की 'नाही', इथंच दुपारचा चहा गार झाला. तेव्हा ते तसंच राहू दे.

या ग्रुपवर मी रोज जेवणानंतर तुमचे अनुभव वाचते. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतल्या बांगड्या, पिंपळाखाली उभी असलेली कोण ती... वाचते आणि हसते. सून विचारते, "आई, एवढं काय हसताय?" मी म्हणते, "अगं, या भुतांना काही कामधंदा नाही बघ."

आता माझी पाळी. हसा.

मी मंदाकिनी. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये मी आयुष्यभर पी.टी. शिकवली. कवायत, लेझीम, खो-खो. अजूनही कुकरची शिट्टी झाली की माझी पाठ आपोआप ताठ होते. रिटायर झाल्यावर मुलाकडे आले, नगरला, केडगावात. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जीभ वळत नाही, आणि या वयात तिला कुणी छड्या मारायच्या?)

माझी जोडीदारीण विमल. आमचा विषय एकच, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण. वर्गातलं आरोग्य तिच्याकडे, मैदान माझ्याकडे. विमल वर्गात शिरली की फळ्याकडे न जाता आधी म्हणायची, "नखं दाखवा." सगळ्या मुली दोन्ही हात पालथे धरून उभ्या. ही एकेकीपाशी जाणार, हात हातात घेणार, वाकून बघणार. मुली तिला घाबरायच्या आणि तिच्यावर जीवही टाकायच्या. आमच्या भाड्याच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. माझं पहिलं बाळंतपण तिनं काढलं. तिचा सुहास दात येत असताना माझ्या मांडीवर रडून झोपायचा. साखरेच्या आजारानं ती गेली तेव्हा शेवटचं पाणी तिच्या तोंडात मी घातलं. एवढ्यावरून समजा काय ते.

आता त्या काळातल्या मंदाबाईंबद्दल, म्हणजे माझ्याचबद्दल, थोडं सांगावं लागेल. काय एक एक नमुना असतो! अभ्यासक्रमात पोहणं होतं. शाळेत पाण्याची एकच टाकी, प्यायच्या पाण्याची, तीही गळकी. मुलींना नदीवर न्यायचं म्हटलं तर पालक अंगावर यायचे. मग मंदाबाईंनी डोकं चालवलं. बाकावर पोहायचं! मुलींना बाकावर पोटावर आडवं करायचं, दोन वेण्या दोन्हीकडं लोंबतायत, आणि शिट्टीवर हात मारायचे. एक... हात पुढं. दोन... पाणी मागं. तीन... मान वळवा, श्वास. अख्खा वर्ग बेडकांसारखा. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं, तेव्हापासून तर मंदाबाईंचे पाय जमिनीला लागेनात. स्वतः त्यांनी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता, ते सोडा.

विमल दारात उभी राहून हे बघायची आणि हसू दाबायची. एकदा म्हणाली, "मंदे, पाण्यात बाक नसतो गं."

"मग तू ये की शिकवायला. कोल्हारची ना तू? नदी तर तुमच्या दारात."

"दारात असली म्हणून काय? आमच्याकडं पोरींनी काठावर धुणं धुवायचं आणि घरी यायचं. मला कुठलं पोहता येतंय!"

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरून गेले. आता रोज आठवतं.

एका हिवाळ्यात शाळेचं वनभोजन होतं नदीकाठी. जेवणं झाली, मुली काठावर ताटं घासायला बसल्या. नववीतली एक शेवाळावरून घसरली आणि सपकन पाण्यात गेली. ओरडा झाला. मंदाबाईंनी काय करावं? गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट... मारली उडी! मनात म्हणाल्या, यात काय अवघड आहे, रोज तर शिकवते.

ती पोरगी पडली तिथं पाणी तिच्या छातीइतकंच होतं. ती उभी राहिली, खोकली आणि चालत काठावर आली. मंदाबाईंनी मात्र जोरात उडी मारलेली, त्या सरळ डोहात. 'एक' म्हटलं, हात पुढं केला. 'दोन' म्हणेपर्यंत तोंडात नदी. आणि मग ती वाचलेली पोरगीच ओरडायला लागली, "बाई बुडाल्या! बाई बुडाल्या!"

आता हसतेय, पण तेव्हा मी मरत होते हो. खरंच मरत होते. एकदा वर आले तेव्हा डोळे उघडले गेले. समोर काठ दिसला. काठावर हेडमास्तर उभे होते, विमलचे दीर उभे होते (ते आमच्याच शाळेत क्लार्क), आणि त्यांच्या शेजारी विमल. पदराचा बोळा तोंडात. माझ्याकडे बघत होती. आमची नजरानजर झाली. मग परत पाणी.

पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी दोन लुगड्यांना गाठ मारून फेकली. हाताला कापड लागलं ते मी धरलं. ओढलं मला त्यांनी, पिळाच्या धुण्यासारखं.

संध्याकाळी विमल माझ्या खोलीवर माझे केस पुसत बसली होती. रडत होती. म्हणाली, "मंदे, मला पोहता येत असतं ना, तर मी एक क्षण थांबले नसते गं."

आणि मी गाढव, मी तिची समजूत काढली. बुडालेल्या बाईनं कोरड्या बाईची समजूत काढली! "अगं, तुझा काय दोष, तू पण बुडाली असतीस, मग दोघींना कुणी ओढलं असतं?" असलं काहीतरी. नंतर तर तो आमचा ठरलेला विनोद झाला. दर निरोप समारंभाला विमल ती गोष्ट सांगायची, माझे हातवारे करून दाखवायची आणि सगळा स्टाफ लोळायचा. मी सगळ्यात जास्त.

झालं. आता मूळ अनुभवाकडे येते.

माझी नात ओवी, नववीत. तिची शाळा पुणे रोडला आहे, मोठी, स्विमिंग टँकवाली. हेल्थ, पी.टी. आणि स्विमिंग असा कोर्स आहे, तिन्हीची मिळून ग्रेड. हेल्थमध्ये ओवी पहिली, धावण्यात बरी. पाण्यात उतरली की मात्र कडेची दांडी धरायची ती तास संपेपर्यंत सोडायची नाही. पोरींनी तिचं नाव ठेवलं 'गोचीड'. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. शाळेत जायचंच नाही म्हणायला लागली, ग्रेड-बिड तर लांबच. मी म्हटलं, "चल, दिवाणावर आडवी हो, मी शिकवते." सून म्हणाली, "आई... प्लीज."

शनिवारी सकाळच्या तासाला घरच्यांना बसू देतात. मी जायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ओवीची गोचिडगिरी बघायची. एका शनिवारी गुडघे धरले म्हणून गेले नाही. त्या दिवशी ओवी घरी आली ती ओल्या केसांनी नाचतच.

"आजी! मी पोहले! इकडून तिकडं, न थांबता!"

मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, "शाब्बास! मॅडमनी शिकवलं शेवटी?"

"मॅडमनी नाही गं. त्या कोपऱ्यातल्या आजींनी."

"कोण आजी?"

"कुणाच्या तरी असतील. कोपऱ्यात पाण्यातच उभ्या होत्या. साडी अशी मागं खोचलेली, लेझीमवाल्या मुली खोचतात ना, तशी. मला वाटलं ओरडतील. तर जवळ आल्या आणि म्हणाल्या, नखं दाखव."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"मी दाखवली. त्यांनी हात धरून बघितली. मग म्हणाल्या, तू मंदीची ना? मी म्हटलं, कोण मंदी? तर हसल्या नुसत्या. आणि माझ्या पोटाखाली हात धरला आणि म्हणाल्या, कुशीवर हो. झोपतेस तशी."

मला मंदी म्हणणारं आता या जगात कुणी नाही. आईवडील गेले, नवरा गेला, विमल गेली.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मी पी.टी.ची बाई. जरा वेळानं डोकं थाऱ्यावर आलं. म्हटलं, ओवीनं माझ्याकडून विमलच्या गोष्टी शंभरदा ऐकल्यात. नखांचं ऐकलंय, मंदीही ऐकलं असेल. पोरगी घाबरलेली, मनानं आधार तयार केला. होतं असं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे विमलला पोहता येत नव्हतं! जे जिवंतपणी येत नव्हतं ते मेल्यावर कसं येईल? तिकडं काय क्लास असतात?

पुढच्या शनिवारी गुडघ्याला पट्टा बांधून गेले. कोच मॅडम तरुण मुलगी आहे, टोपीवाली. माझ्याकडे आली.

"आजी, ओवीला बाहेर कुठं शिकायला पाठवलं का तुम्ही?"

"नाही बाई. का?"

"छान पोहतेय, पण कुशीवर. एक हात डोक्याखाली उशीसारखा आणि दुसऱ्या हातानं पाणी मागं ढकलते. आम्ही हे शिकवत नाही. कुणीच नाही शिकवत आता. आणि..." ती जरा अडखळली. "आणि कोपऱ्यात एकटीच बोलत असते. तुम्ही बघा एकदा."

टँकवर कॅमेरा आहे. तिनं मागच्या तासाचं मोबाईलवर दाखवलं. बाकीच्या पोरी एका बाजूला दंगा करतायत आणि ओवी कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी. समोर कुणी नाही. आणि तिनं दोन्ही हात पालथे करून पुढं धरलेत. तिचा एक हात जरासा उचलला गेला, मग खाली. मग दुसरा.

मी मोबाईल परत दिला. "लहान आहे, खेळत असेल," म्हणाले.

तरीही मी हट्टी. घरी आल्यावर ठरवलं, याचा निकाल लावायचा. कोल्हारला विमलच्या वहिनी अजून आहेत. त्यांच्याकडून एकदा पक्कं करून घ्यावं की विमलला पोहता येत नव्हतं, म्हणजे सगळाच प्रश्न मिटला. मुलाला सांगितलं तिथल्या देवीच्या दर्शनाला जाते, आणि मनमाड रोडची एस.टी. पकडली. वाटेत फार खुशीत होते. खिडकीतून ऊस बघत चालले होते.

वहिनी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. दिसायला कमी झालंय त्यांना, पण आवाजावरून ओळखलं. चहा झाला. ओवीबद्दल मी एक अक्षर बोलले नाही, हे लक्षात ठेवा. सरळ विचारलं, "वहिनी, विमलला पोहता येत होतं का हो?"

त्यांनी 'छे' म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुमाला कुनी सांगितलं?"



"कुणी नाही. विचारतेय."

वहिनींनी पदरातली टरफलं झटकली. "आता त्याच न्हाई ऱ्हायल्या, तवा लपवून तरी काय करायचं? बाई, मासोळी हुती मासोळी! पूर आला का पुलावरनं उडी टाकायच्या. आमचे हे मागंच ऱ्हायचे आन् वन्सं पल्याडच्या काठाला बसून यांना वाकुल्या दावायच्या. आन् पवायच्या कशा, आशा..." त्यांनी मान कलती केली, एक हात कानाखाली उशीसारखा घेतला, आणि दुसऱ्या हातानं हवा मागं ढकलली. "कुशीवर. निजल्यावानी. लई सोभायचं."

मी ओट्याच्या खांबाला धरून बसले.

"मंग लगीन ठरलं. सासरच्यांच्या कानावर गेलं, पोरगी पोरांसंगं नदीत पवती. मोडायलाच निघाले. आमच्या मामंजींनी देवीम्होरं शबूद दिला, लेक पान्यात पाय घालनार न्हाई. तवापासून बंद."

"ते सासरी झालं. मला का नाही सांगितलं? मी काय तिची सासू होते?"

"ते न्हाई ठावं बा. पन तुमी नदीत पडला ना, त्याच्यानंतर आमाला सगळ्यांनाच तंबी. मंदी आली का पान्याचा इशय काढायचा न्हाई. तुमी जेवाया यायच्या, पोरं म्हनायची, आत्या, पुलावरल्या उडीचं सांग. तर ह्या डोळं वटारायच्या. तुमी एकदा इचारलं बी, कसली उडी? तर म्हनल्या, माकडाची."

आठवलं मला. पुरणपोळी होती त्या दिवशी. 'माकडाची' म्हटल्यावर सगळं घर हसलं होतं आणि सगळ्यात मोठ्यानं मी. त्या पंगतीत पोराटोरांसकट प्रत्येकाला माहीत होतं. फक्त जी बुडाली होती तिला सोडून.

वहिनी माझा हात चाचपडत म्हणाल्या, "पन जीव लई हुता हो त्यांचा तुमच्यावर."

"होता ना," म्हटलं, "काठावरून."

परतीच्या गाडीत मी खिडकी लावून घेतली. माझ्या मोबाईलवर वॉलपेपरला आम्हा दोघींचा फोटो होता, रिटायरमेंटचा, हार घातलेला. तो काढला आणि गणपती लावला. गणपतीचा काही संबंध नव्हता, पण तेवढाच सापडला.

आणि गंमत बघा, भूत आहे की नाही याची मला फिकीरच उरली नाही. दुसरी कुणी असती तर लिंबू-मिरची शोधली असती. मला फक्त भांडायचं होतं. सासरचा शब्द, ठीक. दीर शेजारी उभा होता, तेही दिसतंय मला. पण मी समोर मरत होते! नजरेला नजर भिडली होती! बरं, नाही उतरलीस, राहू दे. मग संध्याकाळी केस कशाला पुसलेस? ते वाक्य कशाला म्हणालीस? आणि पुढं सगळं आयुष्य माझे हातवारे करून स्टाफला हसवलंस, तेव्हा तुझ्या पोटात काय होतं?

पुढच्या शनिवारी मी टँकच्या त्या कोपऱ्यात जाऊन काठावर बसले. साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय पाण्यात सोडले. हळूच म्हटलं, "ये भवाने. ये समोर." क्लोरीनचा वास आला नुसता. कोच मॅडम धावत आली. "आजी, पाय बाहेर घ्या, रूल आहे."

ओवी म्हणाली, "तू असलीस ना आजी, की त्या येतच नाहीत."

म्हणजे बघा! माझ्या नातीची नखं बघणार, तिला पोटाखाली हात देणार, आणि मी दिसले की गायब. मी तिच्या तोंडात पाणी घातलं होतं हो.

मी ओवीला सांगितलं, "पुढच्या वेळी मी येत नाही. तू त्यांना एक विचार. म्हणावं, मंदी बुडत होती तेव्हा तू काठावर का थांबलीस?"

"असं नाही विचारत मी. त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे."

"आजी, तू चिडलीयेस?"

"चिडले नाहीये. निरोप दे फक्त."

त्या शनिवारी मी घरी फेऱ्या मारत होते. ओवी आली, दप्तर टाकलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"विचारलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाली?"

"काहीच नाही. मी पोहत होते, त्यांचा हात होता पोटाखाली. पोहता पोहताच विचारलं. तर त्यांनी हात काढून घेतला." ओवीनं बाहीला नाक पुसलं. "मी खाली गेले, आजी. नाकात पाणी गेलं. वर आले तर त्या नव्हत्याच."

मी तिला जवळ ओढलं, तिचं डोकं, पाठ, सगळं चाचपून बघितलं. "मग गं? कुणी काढलं तुला?"

"कुणी नाही. मीच आले पोहत." आणि मग मला ढकलून दिलं तिनं. "तू पळवलंस त्यांना! माझ्या होत्या त्या!"

चार दिवस माझ्याशी बोलली नाही. विमल परत आली नाही, पुढच्या शनिवारी नाही आणि नंतरही कधी नाही. ओवी पोहते आता, खोल पाण्यातही. कुशीवरच. मॅडमनी तिला सरळ करायचं सोडून दिलंय. गोचीड आता कुणी म्हणत नाही. मला आनंद व्हायला हवा, झालाही. पण विमलनं हात काढून घेतला ते माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या नातीच्या पोटाखालून! एकदा केलंस ते केलंस, दुसऱ्यांदाही?

मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं तूच ओवीला कधीतरी सांगितलं असशील." नखांचं सांगितलं असेन रे. पण विमलला पोहता येत होतं आणि ते कुशीवर, हे मी कसं सांगणार? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

इथंच थांबणार होते, पण पितृपक्षातलं राहिलं.

विमलच्या तिथीला मी दरवर्षी सुहासकडे संगमनेरला जाते. यंदा गेले नाही. गुडघ्याचं कारण दिलं. दुपारी उशिरा त्याचा फोन आला. "मावशी, सगळे उपाशी बसलेत. गच्चीवर घास ठेवून किती वेळ झाला. कावळे समोर तारेवर बसलेत, पण एक पण शिवत नाही. सगळं बोलून झालं. नातवाचं लग्न करू म्हणालो, काकांनी हात जोडले. आईचं काय राहिलं असेल ते तुम्हालाच माहीत असणार."

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तुझी आई मला सगळं सांगायची थोडीच."

"मावशी, तुम्ही दोन शब्द बोला ना. मी स्पीकरवर टाकतो, घासाशी धरतो फोन."

मला हसू आलं, खरंच. सुहास, टक्कल पडलेला इंजिनिअर, गच्चीवर वाकून भाताला मोबाईल दाखवतोय. काका, म्हणजे तेच दीर, शेजारी हात जोडून. पलीकडून विमलची सून कुजबुजली, "माफ केलं म्हणा मावशी, काही चुकलं-माकलं असेल तर..." तिला बिचारीला काय ठाऊक? लोक म्हणतात तसं म्हणाली.

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. 'केलं माफ' म्हटलं की संपलं, सगळे जेवायला मोकळे. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच.

"विमल, तुला पोहता येत होतं. मला कळलंय. आणि मी तुला माफ केलेलं नाही."

तिकडून विमलच्या दिरांचा खोकला ऐकू आला. मग पंखांचा फडफडाट, आणि सुहास एकदम ओरडला, "मावशी, शिवला! शिवला! दोन-दोन आलेत!"

मी फोन ठेवला. हे असं का झालं, कुणाला सांगता येत असेल तर खाली लिहा. कुणी म्हणेल कावळे दमले असतील, भूक लागली असेल. असेल. मला माहीत नाही. कॅमेऱ्यात तो हात उचलला गेला त्याचंही कुणाला काही सांगता आलेलं नाही.

सुहासचा रोज फोन येतो, "मावशी, आईला पोहता येत होतं म्हणजे काय?" त्याला म्हटलंय, काकांना विचार. काका फोनवर येत नाहीत.